पीसीओएस आणि आपलं ताट: शाळू-भाताच्या घरात आहार कसा बदलायचा

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर 'पॉलिसिस्टिक ओव्हरीज' अशी ओळ आली की घरात पहिल्यांदा बंद होतो तो भात. मग बटाटा, मग केळं, मग दूध. मुलगी चार दिवस काकडी आणि फुलक्यांवर काढते, पाचव्या दिवशी भावकीत बारसं निघतं आणि सगळं पुन्हा जागच्या जागी येतं. निपाणी, चिकोडी, खानापूर, बेळगाव शहर; आहाराचा सल्ला देण्याच्या कामात मला हीच गोष्ट वेगवेगळ्या आडनावांनी ऐकायला मिळते. म्हणून या लेखात बंदीची यादी शोधू नका. ताटात काय वाढवायचं ते आधी बघू. ते वाढलं की बऱ्याच गोष्टी आपसूक कमी होतात, आणि ज्या होत नाहीत, जसा चहाचा कप, त्यांच्याकडेही येऊ.

आधी निदान पक्कं करून घ्या

नुसत्या सोनोग्राफीवर पीसीओएस (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम) ठरत नाही. मोठ्या बायकांमध्ये तीनपैकी दोन गोष्टी लागतात: पाळीची अनियमितता, पुरुषी संप्रेरकं वाढल्याच्या खुणा (हनुवटीवर-ओठावर राठ केस, न हटणारी मुरुमं, किंवा रक्तात टेस्टोस्टेरॉन जास्त) आणि सोनोग्राफीत दिसणारी किंवा एएमएच या अंडाशयाच्या संप्रेरकाच्या रक्ततपासणीत कळणारी अंडाशयाची विशिष्ट स्थिती. पाळी सुरू होऊन तीन वर्षं झाल्यावरही ती २१ दिवसांच्या आत किंवा ३५ दिवसांच्या पुढे येत असेल, तर ती अनियमित. दहावी-बारावीतल्या मुलींची गोष्ट वेगळी. पहिली पाळी आल्यापासून आठ वर्षं होईपर्यंत सोनोग्राफीच्या आधारावर निदान करू नये, असं २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट म्हटलं आहे, कारण त्या वयात निरोगी मुलींचीही अंडाशयं तशीच दिसतात. पंधरा वर्षांच्या मुलीला एका रिपोर्टवरून आयुष्यभराचं लेबल लावू नका.

डॉक्टर थायरॉईड आणि प्रोलॅक्टिन (अंगावर दूध आणणारं संप्रेरक) तपासतील, कारण त्यांच्या बिघाडानेही पाळी लांबते. साखरेची तपासणी मात्र नीट मागून घ्या. नुसती उपाशीपोटीची साखर पुष्कळदा नॉर्मल येते आणि सगळे निर्धास्त होतात. ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी जी तपासणी होते ती जास्त सांगते. कोलेस्टेरॉल, रक्तदाब, हिमोग्लोबिन हेही एकदा बघून घ्या. तालुक्याला किंवा बेळगावला जायला कर्नाटकात राहणाऱ्या बाईला शक्ती योजनेमुळे साध्या सरकारी बसचं तिकीट पडत नाही, त्यामुळे 'पुढच्या महिन्यात बघू' याला तेवढं एक कारण कमी.

तीन महिने पाळीच आली नाही, किंवा आली आणि थांबेना, तर आहाराचे प्रयोग करत बसू नका. गर्भाशयाचं अस्तर साचत राहणं धोक्याचं असतं, त्यावर औषध लागतं. आवाज घोगरा होणं, काही महिन्यांत झपाट्याने केस वाढणं, यालाही लगेच डॉक्टर.

ताटाचा आणि पाळीचा संबंध काय

रिपोर्टमधल्या त्या 'सिस्ट' म्हणजे काढून टाकायच्या गाठी नव्हेत. त्या अर्धवट वाढून थांबलेल्या बीजपुटिका, म्हणजे बीज जिथे वाढतं त्या बारीक पिशव्या, आहेत. त्या थांबतात, याच्या मुळाशी बहुतेकींमध्ये इन्सुलिन, म्हणजे रक्तातली साखर पेशींत पोचवणारं संप्रेरक, असतं. शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, म्हणून स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडतं. ते जास्तीचं इन्सुलिन अंडाशयाला पुरुषी संप्रेरकं जास्त बनवायला लावतं, आणि ही संप्रेरकं रक्तात बांधून ठेवणारं प्रथिन यकृत कमी बनवू लागतं. परिणाम हनुवटीवर आणि कालनिर्णयवर, दोन्हीकडे दिसतो. मानेवर, काखेत मखमलीसारखा काळेपणा आला असेल तर घासून अंग सोलू नका. तो मळ नाही, तीही इन्सुलिनचीच खूण आहे.

म्हणजे आपल्याला करायचंय काय? एका वेळी रक्तात येणारी साखर कमी आणि सावकाश यावी, एवढंच. अमुकच आहार पीसीओएसला सर्वांत चांगला, असं कोणत्याही एका पद्धतीबद्दल सिद्ध झालेलं नाही. कीटो नाही, ग्लुटेनमुक्त नाही, दूधबंदी तर नाहीच. जो आहार तुम्ही दोन वर्षं खाऊ शकाल तो चांगला, आणि बेळगावात राहून दोन वर्षं आपण काय खाऊ शकतो ते आपल्याला माहीत आहे.

पहिला आठवडा: काही बदलू नका, फक्त लिहा

वहीच्या पानावर दिवसभरात तोंडात गेलेली प्रत्येक गोष्ट वेळेसकट लिहा. मुलांच्या ताटात उरलेला घास, चहाबरोबरचा बटर, दळण आणायला गेल्यावर शेजारणीने दिलेला लाडू, सगळं. आठवड्याने पान वाचलं की बहुतेकींना तीन गोष्टी दिसतात: सकाळी अकरापर्यंत पोटात फक्त चहा, दुपारी भाताचा ढीग, आणि संध्याकाळी पाचला चुरमुरे किंवा भजी. डाळ-उसळ मात्र ओळीत कुठे सापडत नाही. सापडली तर 'आमटी' म्हणून, आणि ती आमटी वाटीच्या तळाशी बघितली तर पाणी.

दुसरा आठवडा: चहा

एका कपात दोन चमचे साखर, दिवसाला चार कप. ही झाली आठ चमचे, म्हणजे साधारण ३० ते ४० ग्रॅम साखर, नुसत्या चहातून. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर शक्यतो दिवसाला २५ ग्रॅमच्या आसपास ठेवा म्हणते, आणि त्यात बिस्किटातली, लोणच्यातली, सरबतातली सगळी आली.

एकदम बिनसाखरेचा चहा करू नका, तिसऱ्या दिवशी सोडाल. कपामागे अर्धा चमचा कमी करा, आठ-दहा दिवस तिथेच राहा, मग आणखी अर्धा. कपांची संख्याही चारावरून दोनावर आणा. गूळ घातला म्हणून चालतं, हा आपल्याकडचा फार लाडका गैरसमज. एका बाजूला कोल्हापूर आणि दुसऱ्या बाजूला साखर कारखाने असताना तो असणारच. गुळात लोह-खनिजं थोडी असतील, पण इन्सुलिनच्या हिशेबात गूळ ही साखरच. मधही तसाच. हॉटेलात 'सक्करे हाकब्याड्री' (साखर घालू नका) एवढं कन्नड प्रत्येकीला येतं, ते वापरा.

जेवणाला लागून चहा नको. त्याने अन्नातलं लोह अंगी लागत नाही, आणि आपल्या बायकांचं हिमोग्लोबिन आधीच काठावर असतं. तासाभराचं अंतर ठेवा.

तिसऱ्या आठवड्यापासून: ताटाचा हिशेब

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. जिल्ह्याच्या पूर्वेला अथणी, रायबागकडे शाळूची भाकरी मुख्य. पश्चिमेला खानापूर आणि बेळगाव तालुक्याच्या डोंगरकडेला भात. त्यात रेशनचा तांदूळ घरात असल्यामुळे आता पूर्वेकडेही भाताचं प्रमाण वाढलंय. भाकरीवाल्या घरात लोक म्हणतात, 'आम्ही तर भाकरीच खातो, मग वजन कसं वाढलं?' भाकरी चांगली आहे. तीन भाकऱ्या आणि वर भात, हे चांगलं नाही. ज्वारीच्या पिठातही मुख्यतः स्टार्चच असतं. भाताहून कोंडा आणि प्रथिन जास्त, एवढाच फरक.

ताटाची अर्धी बाजू भाजी-कोशिंबिरीची, पाव बाजू डाळ-उसळ-अंडी-मासे यांची, पाव बाजू भाकरीची किंवा भाताची. आपल्या मापात सांगायचं तर दुपारी दीड मध्यम भाकरी, किंवा एक भाकरी आणि अर्धी वाटी भात, किंवा भाकरी नसेल तर शिजलेला भात एक ते सव्वा वाटी. शेतात दिवसभर राबणाऱ्या बाईला हे माप कमी पडेल, तिने अर्धी भाकरी जास्त घ्यावी. माप भुकेचं आणि कामाचं आहे, नियमाचं नाही.

आता भाजी. गोव्याच्या बाजारात भाजी जाते ती आपल्या बेळगावहून, आणि आपल्याच ताटात ती चमचाभर असते, लोणच्याच्या शेजारी. मेथी, पालक, शेपू, लाल माठ, अंबाडी, दोडका, घेवडा, कोबी, जे स्वस्त असेल ते दोन वाट्या भरून. कच्ची मेथी, कांद्याची पात, मुळा, काकडी कापून भाकरीबरोबर खायची आपल्याकडची पद्धत फार चांगली आहे, ती फक्त गड्यामाणसांच्या ताटापुरती ठेवू नका. बटाटा भाजीत धरू नका, तो भाताच्या बाजूला मोजा.

जेवताना आधी कोशिंबीर आणि भाजी-उसळीचे चार-पाच घास, मग भाकरी, भात शेवटी. एवढ्या क्रमाच्या बदलानेही जेवणानंतरची साखर कमी चढते. फुकट उपाय आहे, आणि सासूबाईंना कळतही नाही.

प्रथिनं: खरी उणीव इथे आहे

वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला जवळजवळ एक ग्रॅम प्रथिन धरा. ६० किलोच्या बाईला ६० ग्रॅमच्या आसपास. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हे माप डॉक्टरांना विचारूनच. आता हिशेब करा: एक अंडं ६ ग्रॅम. घट्ट वरणाची किंवा मटकी-हुलग्याच्या उसळीची वाटी, ज्यात कच्ची डाळ-कडधान्य ३० ग्रॅम गेलं असेल, ७ ग्रॅमच्या आसपास. ग्लासभर दूध ६ ते ७. मूठभर फुटाणे ६. मूठभर शेंगदाणे ७, पण त्यांत तेलही निम्मं, म्हणून मूठ एकच. भाकरीतून ४-५ ग्रॅम मिळतात. ५० ग्रॅम पनीर ९. शिजलेलं चिकन १०० ग्रॅम असेल तर २५ च्या पुढे. सोयाबीनच्या वड्या ३० ग्रॅम सुक्या घेतल्या तर १५.

माळकरी किंवा जैन-लिंगायत घरात अंडं-मटण चालणार नाही, तिथे दिवसातून दोनदा कडधान्य आणि दोनदा दूध-दही-ताक हा मार्ग. हुलगे आपल्याकडे स्वस्त आणि आपलेच; नुसतं माडगं किंवा कळण करू नका, मोड आणून उसळ करा म्हणजे पाण्याऐवजी दाणे पोटात जातात. अळसंदे, पावटे, मूग, मटकी, हरभरा आलटून पालटून. पिठलं-झुणका हेही प्रथिनच, फक्त तेलाचा हात आखडता. मासे खाणाऱ्यांना बांगडा आणि तारली उत्तम: स्वस्त, आणि त्यांतली चरबी कामाची. रव्यात घोळवून तळायची मात्र गरज नाही, तिरफळ घालून आमटी करा.

कारळ्याची आणि जवसाची चटणी आपल्या घरात असतेच. चमचा-दीड चमचा रोज घ्या. जवसात ओमेगा-३ असतं, कारळ्यात कॅल्शियम आणि लोह. चटणीने पीसीओएस बरा होतो असं कुणी सांगितलं तर सोडून द्या. दालचिनी, मेथीदाणे, नाचणी यांच्याबद्दलही तेच. नाचणीत १०० ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या घरात कॅल्शियम असतं म्हणून ती खावी. पण गूळ घालून पातळ केलेली आंबील गटागट प्यायली तर साखर झरझर चढते. ताकातली, जिरं-मीठ घातलेली करा, किंवा सरळ भाकरी.

सकाळचं आणि पाच वाजताचं

सकाळी उठल्यापासून दोन तासांच्या आत काहीतरी खा, आणि त्यात प्रथिन असू द्या. उप्पीट करायचं तर रव्याइतक्याच भाज्या आणि मूठभर मटार किंवा भिजवलेली मुगाची डाळ, वर दह्याची वाटी. पोह्यांत शेंगदाणे घालताच, मोड आलेली मटकीही घाला. दोन इडल्या आणि वाटीभर दाट सांबार चालेल. चार इडल्या आणि नुसती खोबऱ्याची चटणी नको. हॉटेलच्या मसाले दोशात तेल-लोणी आणि बटाटा. महिन्यातून दोनदा खुशाल खा, त्याची अपराधी भावना बाळगू नका. मुगाचे किंवा मिश्र डाळीचे पड्डू (आप्पे) हा माझा आवडता पर्याय आहे: आदल्या रात्री भिजवलं, सकाळी वाटलं, चमचाभर तेलात पंधरा मिनिटांत झालं.

पाच वाजताची भूक खोटी नसते. दुपारी प्रथिन कमी पडलेलं असतं, म्हणून लागते. खारी, बटर, टोस्ट हे मैदा, तूप आणि साखर आहे, चहात बुडवलं तरी. फुटाणे, उकडलेले शेंगदाणे, पेरू, ताक, उकडलेलं अंडं ठेवा. चुरमुरे आवडत असतील तर निम्मे चुरमुरे, निम्मी मोडाची मटकी, कांदा, टोमॅटो, लिंबू, शेव नावापुरती.

एक दिवस कसा दिसेल? भाकरीच्या घरात: सकाळी मुगाचे पड्डू आणि अर्धी साखर घातलेला चहा, दुपारी दीड भाकरी, मेथीची भाजी, हुलग्याची उसळ, काकडी, ताक, पाचला फुटाणे आणि पेरू, रात्री आठच्या आत एक भाकरी, झुणका, दोडक्याची भाजी, दही. भाताच्या घरात: सकाळी दोन अंडी आणि एक नाचणीची भाकरी; दुपारी वाटीभर भात, अळसंद्यांची दाट आमटी, लाल माठाची भाजी, कोशिंबीर; पाचला ताक आणि मूठभर शेंगदाणे; रात्री अर्धी वाटी भात, बांगड्याची आमटी किंवा घट्ट वरण, कोबीची भाजी.

तेल माणशी महिन्याला अर्धा ते पाऊण लिटरच्या आत. पाच जणांच्या घरात पाच लिटरचा डबा महिन्यात संपत असेल तर कुठेतरी तळण चाललंय.

उपास, लग्नं आणि कुंदा

संकष्टी, एकादशी, सोमवार, श्रावण, नवरात्र. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च, आणि दिवसभर उपाशी राहून रात्री त्याची ताटली, हे इन्सुलिनसाठी सर्वांत वाईट गणित. उपास करायचाच तर राजगिऱ्याची भाकरी, दही, शेंगदाण्याची आमटी, भगर थोडी, आणि आपल्या पश्चिम भागातली रताळी. रताळंही पिष्टमयच, पण त्यात तंतू आहेत. एक मध्यम उकडलेलं पुरे. मेटफॉर्मिन किंवा साखरेच्या दुसऱ्या गोळ्या चालू असतील तर निर्जळी-बिर्जळी करण्याआधी डॉक्टरांना विचारा.

लग्नसराईत मांडे, जिलेबी, पाहुण्यांनी आणलेला कुंदा, गोकाकचा करदंट. यातलं एकच निवडा आणि ते चवीने, जेवणाच्या शेवटी खा. रिकाम्या पोटी, चहाबरोबर नको. करदंटात सुकामेवा आणि डिंक असतो म्हणून तो 'पौष्टिक' म्हणत रोज खाणारी घरं मी बघितली आहेत. गूळ तेवढाच असतो.

घरातल्यांचं काय करायचं

नव्या सुनेला वेगळं जेवण करता येत नाही, ही खरी अडचण आहे. तिचा फुलका वेगळा, तिचा चहा वेगळा म्हटलं की 'हिला काय झालंय' सुरू होतं, आणि त्याचा शेवट 'मूल कधी' इथे होतो. म्हणून वेगळं काही शिजवूच नका. आमटी दाट करा, ती सगळ्यांची दाट होईल. भाजी दुप्पट करा. सासऱ्यांना साखरेचा त्रास आहे? बऱ्याच घरांत असतोच. मग 'आबांसाठी' म्हणून बदल करा, कुणी हरकत घेत नाही. ही युक्ती मी अनेकींना सांगितली आहे आणि तिची लाज वाटायचं कारण नाही.

बारीक मुलींनी काय करायचं

पीसीओएस असलेली प्रत्येक मुलगी जाड नसते. आपल्या लोकांत बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचं माप) २३ च्या पुढे वजन जास्त धरतात आणि बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या आत असावी म्हणतात. तुम्ही याच्या आत असाल तर वजन कमी करायला जाऊ नका. प्रथिन वाढवा, साखर कमी करा, व्यायाम करा, जेवण टाळू नका. वजन जास्त असेल तर ५ ते १० टक्के उतरलं तरी पुष्कळींची पाळी सुधारते. ७० किलोच्या बाईला साडेतीन ते सात किलो, तेही सहा-आठ महिन्यांत.

चालण्याबद्दल थोडक्यात: आठवड्याला किमान १५० मिनिटं जरा दम लागेल असं, शिवाय दोन दिवस ताकदीचे व्यायाम, भिंतीला टेकून उठाबशा चालतील. शहरात व्हॅक्सिन डेपोचं मैदान आहे, गावात शेताची वाट. रात्रीच्या जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं अंगणात फिरलं तरी साखर कमी चढते. झोप सात तास.

पैसे कुठे घालवू नका

'पीसीओएस पावडर', डिटॉक्स चहा, महिन्याला तीन-चार हजारांचं शेक. त्या पैशांत घरभर अंडी, दही आणि कडधान्य येतं. इनोसिटॉल नावाचं पूरक काही डॉक्टर देतात. पुरावा मर्यादित आहे, हानी फारशी नाही, पण ते त्यांना विचारून. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या आहार सुरू केला म्हणून परस्पर बंद करू नका. मेटफॉर्मिन जेवणाबरोबर घेतली तर पोट कमी बिघडतं. ती वर्षानुवर्षं चालू असेल, आणि विशेषतः तुम्ही शाकाहारी असाल, तर बी-१२ तपासून घ्या.

गुण येतोय की नाही, कसं कळेल

रोज काट्यावर उभं राहू नका. कालनिर्णयवर पाळीच्या पहिल्या दिवशी गोल करा. कंबर महिन्यातून एकदा, बेंबीच्या पातळीला, टेपने. तीन महिन्यांत पाळीचं अंतर ६० वरून ४५ वर आलं तर ती प्रगती आहे, वजन जागेवर असलं तरी. चेहऱ्यावरचे केस सर्वांत उशिरा दाद देतात, सहा महिन्यांच्या आत त्यांच्याकडून अपेक्षा नको. तोवर थ्रेडिंग-वॅक्सिंगने काही बिघडत नाही. सहा महिने नेटाने करूनही कालनिर्णयवरचे गोल जवळ येत नसतील तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. साखरेची तपासणी एक ते तीन वर्षांनी पुन्हा, किती वर्षांनी ते तुमच्या रिपोर्टवर आणि घरच्या मधुमेहावर अवलंबून.

मूल हवं असेल तर फॉलिक ॲसिडची गोळी, रोज ४०० मायक्रोग्रॅम, आधीपासूनच सुरू करायला डॉक्टरांना विचारा. नको असेल तर गर्भनिरोधनाची सोय हवीच, कारण आहार-व्यायामाने बीज पुन्हा तयार होऊ लागतं ते पाळी नियमित होण्याची वाट बघत नाही. पाळी लांबली की 'ते पीसीओएसचंच असेल' म्हणून महिना काढू नका. मेडिकलमधून गरोदरपणाच्या चाचणीची पट्टी आणा, सकाळच्या पहिल्या लघवीवर तपासा, आणि दोन रेघा दिसल्या तर चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं घेऊन त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.